न दाबलेला ब्रेक

अँगलसीच्या ट्रॅकवर वारा समुद्रावरून आडवा येतो.
गाडी पिटमध्ये शिरली तेव्हा त्या वाऱ्यातही
पुढच्या डाव्या चाकाचा वास लपला नाही,
जळक्या केसांचा, तापलेल्या नाण्याचा.

रॉड्रीनं हेल्मेट काढलं. म्हणाला, गाडी ठीक आहे,
मीच म्हातारा झालोय.
दोन सेकंद. गेल्या उन्हाळ्यापेक्षा दोन सेकंद मागे.
सरळ रस्त्यावरसुद्धा पाय आपोआप उचलला जातो.
बावन्न वय, मुली कॉलेजात,
भीती शिरते माणसात, दाढेत कीड शिरते तशी.
(रेक्समला दातांचा दवाखाना आहे त्याचा.)

इडवालनं यातलं निम्मंच ऐकलं असेल.
त्याचा डावा कान बेथेस्डाला राहिला,
पाटीच्या खाणीत, एका सुरुंगापाशी.
तापमापक घेऊन तो गाडीभोवती फिरला.
मागच्या दोन्ही डिस्क दीडशे. पुढची उजवी दोनशे ऐंशी.
पुढची डावी चारशे वीस.
"भीती असती," तो म्हणाला, "तर चारही चाकांना सारखी लागली असती."

जॅकवर घेतली.
उजवं चाक मी हातानं ढकललं, अडीच फेऱ्या गेलं.
डावं अर्ध्या फेरीत थांबलं,
कुंपणाशी अडलेल्या मेंढीसारखं,
आणि थांबता थांबता काहीतरी कुजबुजलं.

नवीन कॅलिपर टाका, रॉड्री म्हणाला.
पिस्टन, होज, सगळं. पैशाचं बघू नका.
रोग रेड्याला आणि औषध पखालीला,
अशी गिऱ्हाइकं आमचं भाडं भरतात, खोटं कशाला बोला.

पण इडवालनं ब्लीडरचा नट पाव आटा सैल केला.
आत दाब कोंडला असता
तर पिचकारी उडाली असती, चाक सुटलं असतं.
तेलाचा एक थेंब आला आणि ओघळला.
मी चाक फिरवलं. अर्धी फेरी. तीच कुजबुज.
म्हणजे होज निर्दोष, मास्टर सिलिंडर निर्दोष.
म्हणजे पायानं केव्हाच सोडलं होतं.

चहा झाला, लोखंड निवलं.
आतला पॅड बोटांना दाद देईना.
लाकडी ठोकळा, हातोडी, आणखी हातोडी.
निघाला तो एका टोकाला जाड,
दुसऱ्या टोकाला चहात बुडालेल्या बिस्किटासारखा झिजलेला.
पिस्टन मात्र अंगठ्यानं दाबले तर लोण्यात रुतावेत तसे गेले.

पॅड ज्यावर सरकतो ती पोलादी पट्टी,
नखाएवढी, दोन स्क्रूंची.
इडवालनं तिच्यावर सरळ पातं टेकवलं, मागे दिवा धरला.
दोन्ही कडांना उजेड. मधे अंधार.
एक स्क्रू निघाला, दुसऱ्याची मान तुटली,
मग वीस मिनिटं ड्रिल आणि वेल्श शिव्या.

पट्टीखाली पांढरी पूड.
सात वर्षांचा खारा वारा
पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या फटीत शिरून
कुणाला न सांगता फुगत राहिला होता.
अर्धा मिलिमीटर.
तेवढ्यानं पॅडचे दोन्ही कान चिमटीत धरलेले.

मी कानस चालवली. नवे स्क्रू बसवले.
रॉड्री मागे उभा, हातात तो तिरका पॅड,
किडका दात उजेडात फिरवावा तसा फिरवत.
"म्हणजे मी पाय उचलतच नव्हतो?"
इडवालनं बरा कान पुढे केला नाही.
मी म्हटलं, ब्रेक तुमच्याशिवाय लागत होता.

तो पुन्हा गेला.
पाचव्या फेरीत एक सेकंद आणि एक दशांश परत आला.
सहाव्या, सातव्या, आठव्या फेरीत
आणखी काहीच आलं नाही.

डिस्क आता दोन्ही बाजूंना सारख्या.
त्यानं घड्याळ विचारलं नाही.
डाव्या चाकावर तळवा धरून बराच वेळ उभा राहिला,
शेकोटीशी उभं राहतात तसा.
इडवालनं पाने पुसून पेटीत ठेवले, एकेक, आकारानं.

माझ्या अंगठ्यावर पूड राहिली होती.
मी जिभेला लावून पाहिली.
खारट नव्हती.